राहत्या वस्तीतील विजेरी फलक आणि नगरांचे कायदे



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा कामगार चळवळीतला माणूस म्हणून मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन, अशी त्यांची समजूत होती. मी त्यांना राहत्या वस्तीतील विजेरी जाहिरात-फलक हा विषय कळविला. कामगार संघटनेचा आणि जाहिरातीच्या पाट्यांचा संबंध काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो संबंध आधी सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

विजेचा दिवा हा कामगाराच्या दृष्टीने पहिल्यापासून कामाच्या तासांचा प्रश्न आहे. मुंबईच्या गिरण्या पूर्वी सूर्याच्या हिशेबाने चालत. दिवस मावळला की यंत्रे थांबत, म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा आणि हिवाळ्यात लहान. १९०५ च्या सुमारास गिरण्यांतून विजेचे दिवे लागले. कापडाला तेजी होती. मालकांनी दिव्याच्या बळावर चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास काम घेण्यास सुरुवात केली. त्यावर ओरड झाली, चौकशी समिती नेमली गेली, पाठोपाठ आयोग आला, आणि १९११ च्या कारखाने कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांचा ठरला. बारा तास म्हणजेही थोडे नव्हेत. परंतु उजेड आहे म्हणून माणसाला वाटेल तितके राबविता येणार नाही, एवढे तत्त्व त्यातून कायद्यात आले. त्याच्या आधी १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली होती. त्याही आधी, १८८६ च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या शिकागो शहरी कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी रक्त सांडले. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले स्वतःचे, अशी ती मागणी होती.

ह्या तीन वाट्यांपैकी कामाच्या आठ तासांवर आम्ही पुष्कळ भांडलो आहोत. विश्रांतीच्या आठ तासांचे रक्षण मात्र आपोआप होईल असे आम्ही गृहीत धरले. ते आपोआप होत नाही. दिवसपाळीच्या माणसाला पहाटे पाचला उठावयाचे असते. दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री घरी येतो आणि दोन घास खाऊन पडतो. त्याच्या खिडकीसमोर जर वीस फुटांचा फलक लाल, निळा, पांढरा असा दर काही सेकंदांनी पालटत असेल, तर त्याची विश्रांती कोण घेऊन गेले? हा प्रश्न मला कामाच्या तासांच्या प्रश्नाचाच पुढचा भाग वाटतो. म्हणून आज हा विषय.

आकाशचिन्ह

आपल्या शहराच्या महापालिकेत ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ नावाचे एक खाते असते. आकाशचिन्ह हा शब्द वाचून ते खाते पंचांग करते की काय, असे नवख्या माणसाला वाटावे. हा शब्द ‘स्काय-साइन’ ह्या इंग्रजी शब्दाचे भाषांतर आहे, आणि त्याचा उगम लंडन शहरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या व्यापाऱ्यांनी इमारतींच्या छपरांवर लोखंडी सांगाडे उभे करून त्यांवर अक्षरे चढविण्यास सुरुवात केली. खालून पाहिले की ती अक्षरे आकाशाच्या पडद्यावर दिसत. वारा सुटला की सांगाडे करकरत, आणि खालच्या रस्त्याने जाणाऱ्यांच्या जीवाला धोका असे. १८९१ मध्ये ह्या आकाशचिन्हांना आळा घालणारा खास कायदा लंडनसाठी झाला.

तीच कल्पना आणि बहुतांशी तोच शब्दसंभार घेऊन आपल्याकडे कलमे झाली. मुंबईच्या १८८८ च्या महानगरपालिका कायद्यात ३२८ वे कलम आकाशचिन्हांचे आहे आणि त्याला जोडून ३२८-अ हे जाहिरातींच्या नियंत्रणाचे आहे. महाराष्ट्रातील इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यात २४४ आणि २४५ ही कलमे त्याच कामाची आहेत. कायद्याची पुस्तके वाचण्याचा मला नाद आहे. कोणी शिकविले नाही, म्हणून सावकाश वाचावे लागले, आणि सावकाश वाचण्याचा फायदा असा की कलमातला एकही शब्द सुटत नाही. ३२८ व्या कलमात आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून आकाशचिन्ह उभारू नये, असे आहे. आकाशचिन्ह कशास म्हणावे ह्याच्या व्याख्येत जाहिरातीसाठी सोडलेला फुगाही येतो आणि हवाई छत्रीही येते. वाऱ्याची दिशा दाखविणारा कोंबडा मात्र, त्यावर जाहिरात नसेल तर, सोडून दिला आहे.

ह्याच व्याख्येत रेल्वेला एक सूट आहे, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. रेल्वेच्या स्वतःच्या कामकाजाविषयीची पाटी, रेल्वेच्याच हद्दीत असेल, आणि ती रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी पडू शकणार नाही अशा रीतीने लावलेली असेल, तर ती आकाशचिन्ह धरू नये. म्हणजे सूट देतानाही जुन्या कायदेकर्त्याने दोन गोष्टी पाहिल्या होत्या. सूट धंद्याच्या जाहिरातीला नाही, आणि जी पाटी लोकांच्या अंगावर पडू शकते तिलाही नाही. ह्या दोन गोष्टींचे पुढे काय झाले, ते शेवटी सांगतो.

शिकागोतील शेजाऱ्यांची संमती

छपरावरची पाटी पडेल, हे भय सर्वांना समजण्यासारखे होते. राहत्या वस्तीचा प्रश्न त्याहून वेगळा. तो न्यायालयापुढे नीटपणे आला तो शिकागोत, म्हणजे आठ तासांच्या लढ्याच्या त्याच शहरात.

शिकागोत थॉमस क्यूसॅक नावाचा एक गृहस्थ होता. आयर्लंडात जन्मलेला, लहानपणी पोरका झालेला, पाट्या रंगविण्याचे काम शिकून वर आलेला. हाताने ब्रश धरणारा हा कारागीर पुढे अमेरिकेतल्या बड्या फलक-कंपनीचा मालक झाला आणि १८९९ ते १९०१ ह्या काळात अमेरिकन काँग्रेसचा सभासदही होता. कर्तबगार माणूस होता ह्यात शंका नाही. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत शिकागोच्या नगरसभेने एक नियम केला. ज्या रस्त्याच्या तुकड्यात दोन्ही बाजूंच्या निम्म्या इमारती केवळ राहण्याच्या आहेत, तेथे फलक उभारावयाचा असेल तर त्या तुकड्यातील दोन्ही बाजूंच्या दर्शनी जागेपैकी निम्म्याहून अधिक जागेच्या मालकांची लेखी संमती आणली पाहिजे. क्यूसॅकच्या कंपनीने ह्या नियमाला आव्हान दिले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९१७ च्या जानेवारीत कंपनी हरली.

कंपनीचा युक्तिवाद धूर्त होता. तिचे म्हणणे असे की, आमच्या धंद्याचे भवितव्य नगरसभेने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लहरीवर सोपविले आहे. न्यायालयाने उत्तर दिले की, नगराला राहत्या वस्तीत फलकांना सरसकट बंदी घालता आली असती. शेजाऱ्यांच्या संमतीने ती बंदी सैल होते, एवढेच. बंदी सैल होण्याने तुमचे नुकसान कसे होते?

ह्या निकालातील कारणे वाचण्यासारखी आहेत. फलकांच्या मागे कचरा साठतो आणि त्याला आगी लागतात, घाण होते, गुंड आणि दुर्वर्तनी लोक त्यांच्या आडोशाला दबा धरतात, असा पुरावा पुढे आला होता. तो मानला गेला. फलक डोळ्यांना नकोसा वाटतो, घराची शांती बिघडवतो, हे कारण पुरेसे धरले गेले नाही. त्या काळच्या न्यायालयांची समजूत अशी की, सौंदर्य ही चैन आहे आणि चैनीसाठी कोणाच्या मालमत्तेवर बंधन घालता येत नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९०५ मध्ये साधारण हेच सांगितले होते. नगराने सुंदर असावे, हाही सरकारचा रास्त हेतू आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोकळेपणी म्हणावयास १९५४ साल उजाडले.

मधल्या काळात लोक मात्र न्यायालयाची वाट पाहत बसले नव्हते. हवाई बेटांतील होनोलुलू शहरी १९१२ मध्ये काही स्त्रियांनी एक मंडळ काढले. ज्या मालाची जाहिरात फलकांवर होते तो माल आम्ही विकत घेणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. बहिष्काराचे हे शस्त्र आपल्याला परके नाही. शेवटी उरलेली फलक-कंपनी ह्या मंडळाने स्वतःच विकत घेतली आणि १९२७ मध्ये बेटांच्या विधिमंडळाने फलकांवर बंदीच घातली. ती आजतागायत आहे.

शिकागोच्या नियमात एक उणीव होती, तीही सांगितली पाहिजे. संमती विचारावयाची ती जागेच्या मालकाची. भाड्याने राहणाऱ्याला कोणी विचारीत नव्हते. शिकागोच्या कारखान्यांत राबणारे बहुसंख्य लोक भाडेकरूच होते. मालक दुसऱ्या भागात राहून संमती देई आणि फलक भाडेकरूच्या खिडकीसमोर उभा राही. नियमाने शेजाऱ्याला मत दिले. ज्याची झोप जाणार त्याला ते मिळालेच असे नाही.

विजेरी फलकाची करणी

आता विजेरी फलकाकडे येऊ. जुना फलक म्हणजे रंगविलेला कापडी किंवा पत्र्याचा पृष्ठभाग, फार तर त्यावर चार दिवे सोडलेले. आमच्याकडे हे फलक रंगविणारे कलावंत होते. सिनेमाचे प्रचंड फलक रंगवीत रंगवीत मकबूल फिदा हुसेन मोठे चित्रकार झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. छापील फ्लेक्स आले आणि रंगाऱ्यांचा हात थांबला. त्यानंतर आला विजेरी फलक. त्यात तांबडे, हिरवे आणि निळे असे लाखो बारीक दिवे असतात. जुन्या फलकावर बाहेरून उजेड पडत असे. हा फलक स्वतःच दिवा आहे, आणि त्याचे तोंड लोकांकडे आहे.

भर उन्हात तो दिसावा म्हणून त्याची प्रखरता फार ठेवावी लागते. ती ‘निट’ ह्या मापाने मोजतात. दिवसा पाच हजार किंवा त्याहून अधिक निट लागतात, तर रात्री तीनशेच्या आसपास पुरतात. म्हणजे सूर्य मावळल्यावर फलक पंधरा-वीस पटीने मंद केला पाहिजे. तसे करणारे यंत्र फलकात असते. ते बिघडले, किंवा मुद्दाम चढे ठेवले, तर दिवसाचा फलक रात्रभर जळत राहतो. समोरच्या घरात किती उजेड शिरतो हे अंतरावरही अवलंबून असते. अंतर दुप्पट झाले तर उजेड साधारण चौथाई होतो. म्हणून फलकाचा आकार फुटांत सांगून भागत नाही. तो कोणाच्या खिडकीपासून किती फुटांवर आहे, हे सांगावे लागते.

दुसरी गोष्ट चित्र पालटण्याची. अमेरिकेत दर आठ सेकंदांनी चित्र पालटणे ही रूढ चाल आहे. आठ सेकंद म्हणजे तासाला साडेचारशे चित्रे. रात्री दहा ते सकाळी सहा ह्या आठ तासांत तीन हजार सहाशे वेळा खोलीतल्या भिंतीचा रंग बदलणार. कंपनीला ह्यात मोठा लाभ असतो. पूर्वी एका फलकावर एक गिऱ्हाईक असे, आता आठ गिऱ्हाइकांना तीच जागा पाळीपाळीने विकता येते. यंत्राला पाळ्या लावता येतात, डोळ्यांना मात्र लावता येत नाहीत.

रात्रीच्या उजेडाने शरीरातील झोपेचा रस, ज्याला मेलॅटोनिन म्हणतात, कमी होतो, आणि निळसर उजेडाने तो अधिक कमी होतो, हे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. झोपेचे चक्र मोडणारे रात्रपाळीचे काम हे बहुधा कर्करोगास कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये म्हटले आणि २०१९ मध्ये पुन्हा तेच सांगितले. ह्यावरून फलकाच्या उजेडाने कर्करोग होतो असा निष्कर्ष कोणी काढू नये, मीही काढीत नाही. पण रात्रपाळीने ज्याचे शरीर आधीच ताणलेले आहे, त्याच्या उरलेल्या झोपेवर आणखी भार टाकू नये, एवढे सांगावयास डॉक्टरची पदवी लागत नाही.

लॉस एंजेलिसचा बंद खोलीतला करार

राहत्या वस्तीतील विजेरी फलकांचा सर्वांत बोलका इतिहास लॉस एंजेलिस शहराचा आहे. तेथील नगरसभेने २००२ मध्ये नव्या जाहिरात-फलकांवर बंदी घातली आणि असलेल्या फलकांची तपासणी करून, तिचा खर्च कंपन्यांकडून वसूल करण्याचे ठरविले. हेतू असा की, शहरात फलक आहेत किती आणि त्यांतले परवान्याचे किती, हे एकदा कळावे. कंपन्या न्यायालयात गेल्या. दावे लांबले, वकिलांचा खर्च वाढला, आणि २००६ मध्ये नगराने बड्या कंपन्यांशी तडजोड केली. त्यांतील दोन सर्वांत मोठ्या कंपन्या म्हणजे क्लिअर चॅनल आउटडोअर आणि सीबीएस आउटडोअर. त्या दोघींना मिळून आठशे चाळीस जुने फलक विजेरी करण्याची मुभा ह्या तडजोडीने मिळाली.

ज्या नगराने नवे फलक बंद केले होते, त्याच नगराने तपासणीची फी मिळविण्याच्या भांडणातून आठशे चाळीस विजेरी फलकांचे दान दिले. हे करताना राहत्या वस्तीचे नियम, जागेचे नियम, उंचीचे नियम ह्यांतून ह्या फलकांना सूट मिळाली. ज्या रस्त्यावर फलक उजळणार तेथील रहिवाशांना नोटीस गेली नाही, त्यांची सुनावणी झाली नाही. दाव्याची तडजोड ही दोन पक्षांतली गोष्ट, तिसऱ्याला कशाला बोलवावे?

तिसऱ्याला ते कळले, एके रात्री घर उजळले तेव्हा. सिल्व्हर लेकसारख्या वस्त्यांतून लोकांनी तक्रारी केल्या की, झोपण्याच्या खोलीत रंग पालटतात, पडदे ओढूनही उजेड राहतो. तोपर्यंत शंभराच्या आसपास फलक विजेरी झालेले होते. ओरड वाढली तेव्हा नगरसभेने २००८ च्या अखेरीस तात्पुरती आणि २००९ मध्ये कायमची बंदी घातली. परंतु जे फलक पेटले होते ते पेटलेच राहिले, कारण त्यांच्या पाठीशी करार होता.

तो करार मोडला कोणी? समिट मीडिया नावाच्या एका लहान प्रतिस्पर्धी कंपनीने. तिची तक्रार झोपेची नव्हती. बड्यांना जी सवलत मिळाली ती आम्हाला का नाही, अशी ती धंद्याची तक्रार होती. खालच्या न्यायालयाने २००९ मध्ये करार बेकायदा ठरविला आणि डिसेंबर २०१२ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम करून, ह्या करारावर दिलेले विजेरी फलकांचे परवाने रद्द करण्याचा हुकूम दिला. निकालाचे सार सोप्या शब्दांत असे. लोकांच्या हितासाठी नियम करणे हा नगराचा अधिकार आहे, ती नगराची खासगी मालमत्ता नाही. म्हणून तो अधिकार करार करून विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि कोणा दोघांपुरता गुंडाळून ठेवता येत नाही. एप्रिल २०१३ मध्ये सत्त्याहत्तर फलक न्यायालयाच्या आदेशाने विझले.

रहिवाशांना त्यांचा अंधार सहा-सात वर्षांनी परत मिळाला, आणि तोही दोन व्यापाऱ्यांच्या भांडणात. गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच नगरसभेने शहराच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या जागांवर विजेरी फलक उभारण्याच्या योजनेला मान्यता दिली. त्या उत्पन्नात नगराचाही वाटा आहे. नियम करणारा जेव्हा स्वतः भागीदार होतो, तेव्हा रहिवाशाने दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न तेथे उभा आहे. न्यायालयाने नगरांचे हात बांधलेले नाहीत हे मात्र खरे. टेक्सासमधील ऑस्टिन शहराने दूरच्या मालाची जाहिरात करणारे फलक विजेरी करण्यास मनाई केली होती. दुकानाची स्वतःची पाटी आणि असा परका फलक ह्यांत नगराला भेद करता येतो, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये सांगितले.

इतर नगरांनी काय केले

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९८७ पासून इमारतींवर झगमगीत पाट्या असल्याच पाहिजेत असा उलटा नियम आहे. मला त्यात वावगे वाटत नाही. तो नाटकगृहांचा चौक आहे आणि लोक तेथे झगमगाट पाहावयासच जातात. जत्रेत ढोल वाजतो म्हणून कोणी तक्रार करीत नाही. तोच ढोल रोज रात्री माजघरात वाजू लागला म्हणजे तक्रार येते. प्रत्येक गोष्टीची जागा आणि वेळ ठरविणे, ह्यासाठीच तर नगरशासन आहे.

ब्राझीलमधील साओ पाउलो ह्या महानगराने २००६ मध्ये ‘स्वच्छ शहर’ कायदा केला आणि १ जानेवारी २००७ पासून रस्त्यावरच्या जाहिरात-फलकांना बंदी घातली. सुमारे पंधरा हजार फलक उतरले. व्यापार बुडेल, रस्ते अंधारतील, अशी भाकिते झाली होती, पण शहर चालू राहिले. फलक उतरल्यावर त्यांच्या मागे झाकल्या गेलेल्या गरीब वस्त्या लोकांना प्रथमच दिसल्या, असे तेथील पत्रकारांनी सांगितले. पुढे बसथांबे आणि रस्त्यावरची घड्याळे ह्यांवर मोजक्या जाहिरातींना वाट दिली गेली. फ्रान्सने घड्याळाचा मार्ग धरला. रात्री एक ते सकाळी सहा प्रकाशित जाहिराती बंद, हा नियम आधी लहान-मध्यम शहरांना होता. ऑक्टोबर २०२२ च्या फर्मानाने तो मोठ्या शहरांनाही लागू झाला. इंग्लंडमध्ये १९४७ च्या नगररचना कायद्यानंतर जाहिरातीला परवानगी देताना दोनच गोष्टी पाहावयाच्या असतात. परिसराची सुखदता आणि लोकांची सुरक्षितता. जाहिरातीत काय लिहिले आहे, ह्याच्याशी नगराला कर्तव्य नाही. हे मला योग्य वाटते. मजकूर तपासण्याचा अधिकार नगराच्या हाती गेला, तर उद्या संपाची पाटीसुद्धा उतरवली जाईल.

आपल्या घरी

आता आपल्याकडे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात एक प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळला. सतरा माणसे मेली, सत्तरांहून अधिक जखमी झाली. महापालिकेची मर्यादा चाळीस फूट गुणिले चाळीस फुटांची, म्हणजे सोळाशे चौरस फुटांची होती. फलक होता एकशे वीस गुणिले एकशे वीस, म्हणजे चौदा हजार चारशे चौरस फुटांचा, मर्यादेच्या नऊपट. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, परवानगी त्यांची. आमची परवानगी घेतलीच नव्हती, असे महापालिकेने सांगितले. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्याच्या जुन्या बाजाराजवळ रेल्वेच्या जागेतील फलकाचा सांगाडा उतरविताना रस्त्यावर कोसळून चार जण गेले होते. एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या किवळ्याला फलक पडून, वाऱ्यापावसात आडोशाला थांबलेली पाच माणसे मेली.

मी मघाशी सूट लक्षात ठेवा असे म्हणालो, ती ह्यासाठी. रेल्वेच्या स्वतःच्या कामकाजाची पाटी, आणि तीही लोकांवर पडणार नाही अशी, एवढीच सूट जुन्या व्याख्येत होती. रेल्वेच्या हद्दीत महापालिकेचा परवाना लागत नाही, असे रेल्वेने पुढे रेल्वे कायद्याच्या आधारे म्हणावे, आणि त्या आधारावर धंद्याचे फलक उभे राहावेत, हे कायदेकर्त्याच्या मनात खासच नव्हते.

कोसळलेल्या फलकाची निदान बातमी होते. झोपमोडीची होत नाही. आमच्या संघटनेतल्या एका कामगाराच्या घरासमोर चौकात विजेरी फलक लागला. दुसरी पाळी करून तो रात्री साडेबाराला घरी येई. त्याने खिडकीला पोते बांधले. पोते बांधले की उजेड थांबे आणि वाराही थांबे, आणि तो चैत्र-वैशाखाचा काळ होता. त्याच्याबरोबर मी एका कार्यालयात गेलो. फलकाला परवाना आहे, असे उत्तर मिळाले. परवान्यात रात्रीच्या उजेडाची काही मर्यादा आहे काय, असे विचारले, तर परवाना आकाराचा असतो, असे सांगण्यात आले. दुसऱ्या कार्यालयात गेलो. आवाज मोजण्याचे यंत्र आमच्याकडे आहे, उजेडाचे नाही, असे तेथे कळले. त्याच्या घरमालकालाही भेटलो. फलक समोरच्या इमारतीवर आहे, भाडे त्या लोकांना मिळते, मी काय करणार, असे ते म्हणाले. आणि ते खरेच होते. भाडे एका इमारतीला मिळते आणि उजेड दुसरीला. संमती विचारली जाते ती पहिलीची.

ह्या बाबतीत दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. महापालिकेला उत्पन्न हवे असते. २०१६ च्या घटनादुरुस्तीने जाहिरातीवरील कराची नोंद राज्यांच्या यादीतून गेली, तेव्हापासून परवाना शुल्कावरच सारी भिस्त राहिली. फलकांवर पुराची, पावसाची सूचना देता येते. अंधाऱ्या चौकात उजेड असला तर रात्री घरी येणाऱ्या मुलीला धीर वाटतो. ही सर्व कारणे खरी आहेत. पण चौकाला उजेड हवा असेल तर रस्त्यावरचा दिवा लावावा. तो खाली पाहतो, लोकांच्या खिडकीत पाहत नाही. उत्पन्न हवे असेल तर ते कोणाच्या झोपेतून काढले जाते, ह्याचा हिशेब मांडावा.

नियम नाहीत असे नाही. २०२२ मध्ये राज्याने महापालिकांसाठी आकाशचिन्हे व जाहिराती ह्यांचे नवे नियम केले, आणि घाटकोपरनंतर मुंबई महापालिकेने काढलेल्या धोरणाच्या मसुद्यात विजेरी फलकांच्या प्रखरतेचा विचार आला. परंतु मार्च २०२२ नंतर मुंबईची महापालिका कित्येक वर्षे नगरसेवकांवाचून, प्रशासकाच्या हाती होती. जे ठरले ते कचेरीत ठरले. लॉस एंजेलिसला करार बंद खोलीत झाला. आमच्याकडे सभागृहच बंद होते.

तेव्हा ह्या इतिहासातून घ्यावयाचे ते थोडक्यात सांगतो. उजेड मोजावयाचा तो फलकापाशी नव्हे, तर समोरच्या घराच्या खिडकीपाशी, आणि तो रात्री. विजेरी फलक मागणाऱ्याने समोरच्या आणि बाजूच्या घरांत राहणाऱ्यांची लेखी संमती आणावी, आणि ती देताना भाडेकरूचे मत मालकाच्या मताइतकेच धरावे. रात्री अकरा ते सकाळी सहा फलक बंद असावा. जागा रेल्वेची असो, पोलिसांची असो की महापालिकेची स्वतःची असो, नियम एकच असावा. परवान्याचा क्रमांक, मुदत आणि तक्रार कोठे करावयाची हे प्रत्येक फलकावर मोठ्या अक्षरांत असावे. आणि ह्यांतले काहीही कोणत्याही तडजोडीत सोडून देता येऊ नये.

ह्यातली एकही मागणी नवी नाही. खिडकीपाशी मोजण्यासाठी एक लहानसे यंत्र लागते, ते कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याकडे असतेच. कामाच्या जागी उजेड पुरेसा आहे की नाही हे तो त्याने मोजतो. तेच यंत्र घेऊन पुढच्या महिन्यात आमच्या संघटनेचे चार कार्यकर्ते चौकाचौकांत रात्री जाणार आहेत. ज्यांना आपल्या खिडकीचा आकडा हवा असेल, त्यांनी सभेनंतर बाहेर टेबलावर नाव आणि गल्ली लिहून द्यावी. आकडे जमले की ते घेऊन महापालिकेकडे जाण्यास आपण सर्वजण बरोबर असावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.